समलैंगिकतेविषयीचे सामाजिक दृष्टिकोन

समान लिंगाच्या व्यक्तींमधील प्रेम, आकर्षण आणि शरीरसंबंध यांचे उल्लेख लिखित परंपरा असलेल्या बहुतेक संस्कृतींत आढळतात. त्यांकडे पाहण्याची दृष्टी मात्र स्थळकाळानुसार बदलत गेली आहे. काही समाजांनी अशा संबंधांना पाप मानले, काहींनी गुन्हा, काहींनी आजार, काहींनी तारुण्यातील तात्पुरती अवस्था, तर काहींनी त्यांची स्वतंत्र दखलच घेतली नाही. आज नेदरलँड्स, दक्षिण आफ्रिका आणि तैवान यांसह पस्तीसहून अधिक देशांत समलिंगी जोडप्यांना विवाहाचा अधिकार आहे. त्याच वेळी साठहून अधिक देशांत समलिंगी संबंध हा गुन्हा आहे आणि इराण, सौदी अरेबिया व येमेन यांसारख्या देशांत त्यासाठी मृत्युदंडाची तरतूद आहे.

हा फरक 'उदार' आणि 'कर्मठ' अशा एकाच मोजपट्टीवर मांडता येत नाही. कोणता समाज किती सहिष्णु होता, या प्रश्नाच्या आधी तो समाज नेमके काय मोजत होता हे पाहावे लागते. कोठे प्रश्न कृतीचा होता, कोठे वयाचा, कोठे सामाजिक दर्जाचा, तर कोठे विवाह आणि वंश यांचा. एखाद्या व्यक्तीची 'समलैंगिक' ही कायमची ओळख असते, ही कल्पना या सर्वांच्या तुलनेत अलीकडची आहे.

संज्ञा

इंग्रजीसह बहुतेक युरोपीय भाषांत रूढ असलेला 'होमोसेक्शुअल' हा शब्द हंगेरियन लेखक कार्ल-मारिया कर्टबेनी यांनी घडविला आणि १८६९ साली एका निनावी पत्रकात तो प्रथम छापला गेला. पुरुषांमधील संबंधांना शिक्षा देणारे प्रशियाचे कलम रद्द व्हावे, हा त्या पत्रकाचा हेतू होता. पुढे हाच शब्द मानसोपचारशास्त्राने रोगाचे नाव म्हणून उचलला, ही या शब्दाच्या इतिहासातील विसंगती होय.

मराठीत 'समलिंगी' आणि 'समलैंगिक' हे दोन्ही शब्द वापरले जातात. काटेकोर लेखनात पहिला शब्द व्यक्तींच्या समान लिंगाचा आणि दुसरा लैंगिक कलाचा निर्देश करतो. सामान्य व्यवहारात असा भेद पाळला जात नाही. चिनी भाषेत गेल्या काही दशकांत 'थोंगची' हा शब्द रुळला आहे. त्याचा मूळ अर्थ 'कॉम्रेड' असा असून साम्यवादी पक्षाचे सदस्य परस्परांना याच शब्दाने संबोधत असत.

फ्रेंच विचारवंत मिशेल फूको यांनी १९७६ साली असे मांडले, की १९व्या शतकापूर्वीच्या युरोपात निषिद्ध कृत्य करणारी माणसे होती, परंतु 'समलैंगिक' नावाचा माणसाचा प्रकार नव्हता. तो वैद्यक आणि कायदा यांनी निर्माण केला. इतिहासकार जॉन बॉसवेल यांनी याउलट, समान लिंगाकडे प्रामुख्याने आकर्षित होणाऱ्या व्यक्ती मध्ययुगीन युरोपातही ओळखू येतात, असे प्रतिपादन केले. हा वाद पूर्णतः मिटलेला नाही. प्राचीन काळातील एखाद्या राजाला किंवा कवीला आजच्या अर्थाने 'समलैंगिक' म्हणताना तो लक्षात ठेवणे आवश्यक ठरते.

आधुनिकपूर्व समाज

प्राचीन अथेन्समध्ये प्रौढ नागरिक आणि त्याच्याहून लहान तरुण यांच्यातील संबंधांना ठरावीक शिष्टाचार होते आणि त्यात शिक्षण व मार्गदर्शनाचा अंश अपेक्षित असे. प्लेटोच्या 'सिम्पोझियम' या संवादात या प्रेमाची चर्चा आहे. मात्र दोन समवयस्क प्रौढ नागरिकांमधील संबंध तेथे सहज स्वीकारले जात नसत. रोममध्ये जोडीदाराच्या लिंगापेक्षा त्याच्या दर्जाला महत्त्व होते. स्वतंत्र नागरिकाने गुलामाशी संबंध ठेवणे निंद्य नव्हते. स्वतः दुय्यम भूमिका घेणे मात्र लाजिरवाणे समजले जाई. यावरून या दोन्ही समाजांना समतावादी म्हणता येणार नाही. त्यांची सहिष्णुता वय आणि गुलामी यांवर उभी होती आणि आजच्या दृष्टीने तिच्यात शोषणाचा भाग मोठा होता.

चीनमध्ये हान घराण्याचा सम्राट आय याने, बाहीवर डोके ठेवून झोपलेल्या प्रियकराची झोप मोडू नये म्हणून आपली बाहीच कापली, अशी कथा आहे. त्यामुळे 'कापलेली बाही' हा चिनी साहित्यात पुरुषांमधील प्रेमाचा संकेत बनला. असे प्रेम खपवून घेतले जाई, पण एका अटीवर: विवाह करून वंश चालविण्याचे पुत्रकर्तव्य चुकता कामा नये. १८व्या शतकात चिंग राजवटीने संमतीने झालेल्या संबंधांनाही शिक्षा ठरविली. त्यामुळे चीनची परंपरा अखंड सहिष्णुतेची होती असे म्हणणे अतिशयोक्त ठरते. जपानमध्ये एदो काळात सामुराई आणि काबुकी नट यांच्या अशा संबंधांवर विपुल लेखन झाले. इहारा साइकाकू यांचा १६८७ सालचा कथासंग्रह या विषयावरील प्रसिद्ध ग्रंथ होय.

इस्लामी जगात धर्मशास्त्राचा निषेध आणि साहित्यातील मोकळीक या दोन गोष्टी शतकानुशतके शेजारी नांदल्या. अबू नुवास हा अरबी कवी तरुणांवरील प्रेमकवितांसाठी प्रसिद्ध आहे आणि अभिजात अरबी काव्यात त्याचे स्थान आजही अबाधित आहे. ऑटोमन साम्राज्याने १८५८ साली फ्रेंच धर्तीवर केलेल्या दंडसंहितेत खाजगी, संमतीने झालेल्या समलिंगी संबंधांसाठी शिक्षा नव्हती. त्या वेळी इंग्लंडमध्ये पुरुषांमधील गुदसंभोगासाठी कायद्याच्या पुस्तकात मृत्युदंड होता.

भारतीय परंपरा

संस्कृत ग्रंथांत या विषयावर एकच मत आढळत नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रात 'तृतीया प्रकृति' या नावाने स्त्री-पुरुषांहून वेगळ्या व्यक्तींचे वर्णन असून, परस्परांवर विश्वास असलेल्या काही नागरकांमधील मुखमैथुनाचाही उल्लेख आहे. मनुस्मृतीत पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवल्यास एका ठिकाणी सचैल स्नानाचे प्रायश्चित्त सांगितले आहे, तर दुसऱ्या ठिकाणी हे कृत्य जातिभ्रंश घडविणारे म्हटले आहे. कुमारिकेला दूषित करणाऱ्या स्त्रीसाठी मात्र मुंडन किंवा बोटे छाटणे अशा कठोर शिक्षा आहेत. हा फरक पाहता स्मृतिकारांची खरी चिंता स्त्रियांमधील प्रेमाची नसून कन्येच्या कौमार्याची, म्हणजेच तिच्या विवाहयोग्यतेची असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

बंगालमधील कृत्तिवासी रामायणात दिलीप राजाच्या मृत्यूनंतर त्याच्या दोन राण्यांच्या परस्परसंबंधांतून भगीरथाचा जन्म झाल्याची कथा येते. शिखंडी आणि बृहन्नडा यांची उदाहरणेही या संदर्भात वारंवार दिली जातात; परंतु त्या कथा लिंगबदल किंवा वेषांतराच्या आहेत, समलिंगी प्रेमाच्या नव्हेत. रूथ वनिता आणि सलीम किडवई यांनी २००० साली संपादित केलेल्या संकलनात संस्कृत, फारसी, उर्दू आणि आधुनिक भारतीय भाषांतील अशा अनेक उताऱ्यांचा इंग्रजी अनुवाद एकत्र केला आहे.

फौजदारी कायदे आणि त्यांचा प्रवास

आठव्या हेन्रीच्या काळात, १५३३ साली, इंग्लंडने हे कृत्य चर्चच्या कक्षेतून काढून राज्याचा गुन्हा ठरविले. त्यासाठी फाशीची अखेरची शिक्षा १८३५ साली अमलात आली आणि १८६१ साली मृत्युदंडाची तरतूद रद्द झाली. फ्रान्सने क्रांतीनंतर १७९१ सालच्या दंडसंहितेतून हा गुन्हा वगळला होता. पुढे या दोन देशांनी जगभर वसाहती उभारल्या तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचे कायदेही गेले, आणि आजच्या जागतिक नकाशावरील कितीतरी रेषा तेथूनच निघतात.

मेकॉले यांनी मसुद्याचा पाया घातलेली भारतीय दंडसंहिता १८६० साली संमत होऊन १८६२ च्या आरंभी लागू झाली. तिच्या ३७७व्या कलमाने 'निसर्गक्रमाविरुद्ध' शरीरसंबंधासाठी जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठेवली. त्यात संमती आणि बळजबरी असा भेद नव्हता. हेच कलम थोड्याफार फरकाने श्रीलंका, म्यानमार, मलेशिया आणि सिंगापूर येथे पोहोचले. काही ठिकाणी तर क्रमांकही तोच राहिला. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड वसाहतीच्या १८९९ सालच्या संहितेवरून नायजेरिया, केनिया, युगांडा इत्यादी आफ्रिकी वसाहतींचे कायदे बेतले गेले. ब्रिटनने स्वतः १९५७ सालच्या वुल्फेन्डन समितीच्या अहवालानंतर इंग्लंड व वेल्समध्ये १९६७ साली हा गुन्हा रद्द केला. तोपर्यंत बहुतेक वसाहती स्वतंत्र झाल्या होत्या आणि जुनी कलमे त्यांच्याकडेच राहिली.

यातून एक विचित्र परिस्थिती उद्भवली. ज्या देशांत समलैंगिकता ही 'पाश्चात्य आयात' असल्याचे सांगितले जाते, त्यांपैकी अनेक देशांत प्रत्यक्षात आयात झाली ती तिला गुन्हा ठरविणाऱ्या कलमांची. तथापि, सर्व विरोधाचे खापर वसाहतवादावर फोडणेही योग्य नाही. सेनेगल आणि कॅमेरून या फ्रेंच प्रभावाखालील देशांनी हे कायदे स्वातंत्र्यानंतर स्वतः केले. रशियात १९१७ च्या क्रांतीनंतर जुना कायदा गेला, १९३४ साली स्टालिनच्या काळात नवा आला, १९९३ मध्ये तोही रद्द झाला आणि २०१३ पासून 'प्रचार'बंदीच्या रूपाने निर्बंध पुन्हा वाढत गेले.

युगांडाचे उदाहरण या वादाची गुंतागुंत दाखविते. १८८५ ते १८८७ या काळात बुगांडाचा राजा म्वांगा याने आपल्या दरबारातील अनेक ख्रिस्ती सेवकांना ठार केले. राजाची शरीरसंबंधाची मागणी नाकारणे हे त्यामागील एक कारण होते, असे मिशनरी वृत्तान्त सांगतात. रोमन कॅथलिक चर्चने १९६४ साली या हुतात्म्यांना संतपद दिले. धर्मनिष्ठ युगांडावासीयांना त्यांच्या कथेत समलिंगी संबंधांना दिलेला नकार दिसतो, तर इतिहासकारांना तीच कथा वसाहतपूर्व दरबारात असे संबंध अस्तित्वात असल्याचा पुरावा वाटते. २०२३ साली युगांडाने केलेल्या कायद्यात काही परिस्थितींत मृत्युदंडाची तरतूद आहे.

भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांमधील खाजगी, संमतीने झालेले संबंध ३७७व्या कलमातून वगळले. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी हा निकाल फिरविला. म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ कायद्याच्या नजरेत निर्दोष असलेली माणसे एका दिवसात पुन्हा संभाव्य गुन्हेगार झाली. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने संमतीने झालेले संबंध गुन्हा नसल्याचे जाहीर केले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्यास नकार देऊन तो प्रश्न संसदेवर सोपविला.

स्त्रियांमधील संबंध

कायद्याच्या इतिहासात स्त्रिया बहुधा अदृश्य राहिल्या. इंग्लंडमध्ये १९२१ साली स्त्रियांमधील संबंधही गुन्हा ठरविण्याचा प्रस्ताव आला असता लॉर्ड्स सभागृहाने तो फेटाळला; त्यामागे सहानुभूती नव्हती, तर या गोष्टीची चर्चा केल्याने अनभिज्ञ स्त्रियांना तिची माहिती होईल ही भीती होती. शिक्षा नसणे म्हणजे स्वातंत्र्य असणे असे यातून समजू नये. बहुतेक समाजांत स्त्रीवर नियंत्रण ठेवण्याचे काम न्यायालयाऐवजी कुटुंबाने आणि विवाहाने केले.

जेथे स्त्रीला स्वतःची कमाई मिळाली तेथे चित्र बदललेले दिसते. दक्षिण चीनमधील पर्ल नदीच्या त्रिभुज प्रदेशात १९व्या शतकात रेशीम-गिरण्यांमुळे स्त्रियांना रोख मजुरी मिळू लागली. तेथील अनेक स्त्रियांनी विधिपूर्वक केस बांधून आजन्म अविवाहित राहण्याचे व्रत घेतले. त्या एकत्र राहत आणि त्यांपैकी काहींचे सहजीवन दांपत्यासारखे होते. १९३०च्या दशकात रेशीम व्यवसाय कोसळल्यावर त्यांतील अनेक जणी घरकामासाठी हाँगकाँग आणि सिंगापूरला गेल्या.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नायजेरियातील इग्बो समाजात स्त्री दुसऱ्या स्त्रीशी विधिपूर्वक विवाह करू शकत असे. इफी अमाडियुमे यांनी १९८७ साली या प्रथेचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. हा विवाह संपत्ती, वंश आणि प्रतिष्ठा यांसाठी होता. त्याला समलैंगिक संबंध म्हणणे अमाडियुमे यांना मान्य नव्हते.

लिंगभाव आणि लैंगिकता

अनेक समाजांत पुरुषाकडे आकर्षित होणारा पुरुष हा वेगळ्या लिंगभावाची व्यक्ती म्हणून ओळखला जातो. सामोआतील फाआफाफिने, मेक्सिकोच्या ओहाका राज्यातील मुशे आणि दक्षिण आशियातील हिजडा समाज ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. उत्तर अमेरिकेतील झुनी जमातीची वी'वा ही अशीच एक व्यक्ती १८८६ साली वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांना भेटली होती.

अशा समूहांना मिळणारे स्थान आणि समलैंगिकतेला मिळणारी मान्यता या वेगळ्या बाबी आहेत. सामोआत फाआफाफिने कुटुंबात वावरतात, तरीही पुरुषांमधील संबंध तेथे कायद्याने गुन्हा आहे. इराणमध्ये समलिंगी संबंधांस मृत्युदंड आहे, पण आयातोल्ला खोमेनी यांच्या फतव्यानंतर लिंगबदल शस्त्रक्रियेला अनुमती आहे. स्वतःला पुरुषच मानणाऱ्या समलैंगिक पुरुषांवरही शस्त्रक्रियेसाठी दबाव येतो, अशी टीका मानवाधिकार कार्यकर्ते करतात. भारतातही तृतीयपंथीयांना स्वतंत्र लिंग म्हणून मान्यता देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एप्रिल २०१४ मध्ये आला, तेव्हा ३७७वे कलम पूर्ववत लागू होते.

वैद्यकीय भूमिका

१९व्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय वैद्यकाने समलैंगिकतेला विकृतीचे स्वरूप दिले. बर्लिनमध्ये माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १८९७ पासून याविरुद्ध चळवळ उभारली. त्यांच्या संस्थेचे ग्रंथालय नाझींनी मे १९३३ मध्ये जाळले. अमेरिकन मनोविकार संघटनेने १९७३ साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी आणि चीनमधील मनोविकारतज्ज्ञांनी २००१ साली हेच पाऊल उचलले. कल बदलण्याच्या नावाखाली चालणाऱ्या 'उपचारां'ना भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली व्यावसायिक गैरवर्तन ठरविले.

मराठी समाज

मराठीत या विषयाची शास्त्रीय चर्चा र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात १९२७ पासून आढळते. वाचकांनी हस्तमैथुन आणि समलैंगिकता यांविषयी विचारलेल्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. कर्वे खटला हरले आणि त्यांना दंड झाला.

विजय तेंडुलकर यांच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकाने १९८०च्या दशकाच्या आरंभी एका महाविद्यालयीन तरुणीचे दुसऱ्या तरुणीवरील प्रेम मराठी रंगभूमीवर आणले. सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू' या २००६ सालच्या कादंबरीत भाऊ आणि बहीण एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. यल्लम्मा देवीच्या परंपरेतील स्त्रीवेषधारी जोगत्यांचे जीवन राजन गवस यांच्या 'भंडारभोग' या कादंबरीत येते. ती कादंबरी २००९ सालच्या 'जोगवा' चित्रपटाच्या आधारांपैकी एक आहे.

मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० साली 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केले. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 'समपथिक' या संस्थेद्वारे आणि मराठी पुस्तकांद्वारे या विषयाची माहिती इंग्रजी न वाचणाऱ्यांपर्यंत नेली. डिसेंबर १९९८ मध्ये दोन जावांमधील प्रेम दाखविणाऱ्या दीपा मेहता यांच्या 'फायर' चित्रपटाचे मुंबईतील खेळ शिवसेना कार्यकर्त्यांनी बंद पाडले. पुढे तो चित्रपट कोणतीही काटछाट न होता पुन्हा प्रदर्शित झाला.

३७७व्या कलमाखाली प्रत्यक्ष शिक्षा झालेल्यांची संख्या फार नव्हती. या कलमाची धास्ती मुख्यतः पोलिसांचा ससेमिरा आणि खंडणी यांच्या रूपाने जाणवत असे. महाराष्ट्रातील समलैंगिक व्यक्तींना दैनंदिन जीवनात अधिक जाच होतो तो विवाहाच्या अपेक्षेचा. ठरवून होणाऱ्या लग्नांच्या समाजात मुलगा किंवा मुलगी अविवाहित राहणे हा संपूर्ण घराचा प्रश्न बनतो. 'लग्न झाले की ठीक होईल' या समजुतीने लावून दिलेल्या लग्नांत, पूर्वकल्पना नसलेल्या जोडीदाराचेही आयुष्य पणाला लागते.

जनमत

प्यू संशोधन केंद्राने २०१९ साली ३४ देशांत केलेल्या पाहणीत समाजाने समलैंगिकता स्वीकारावी असे मानणाऱ्यांचे प्रमाण स्वीडनमध्ये ९४ टक्के, तर नायजेरियात ७ टक्के होते. भारतात ते ३७ टक्के आढळले; २०१४ साली येथे हेच प्रमाण १५ टक्के होते. साधारणतः श्रीमंत देशांत, तरुणांमध्ये आणि धर्माला आयुष्यात कमी महत्त्व देणाऱ्यांमध्ये स्वीकार अधिक दिसतो. राजकीय शास्त्रज्ञ रोनाल्ड इंगलहार्ट यांनी याचा संबंध जीवनाच्या सुरक्षिततेशी जोडला: ज्यांना उद्याची भ्रांत नसते, ते वेगळेपणाला कमी भितात.

कायदा आणि जनमत नेहमी एकाच गतीने चालत नाहीत. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ सालच्या संविधानाने लैंगिक कलावरून भेदभावास बंदी केली आणि २००६ साली तेथे समलिंगी विवाह कायदेशीर झाला; तरीही उपरोक्त पाहणीत तेथील अनुकूल मत ५४ टक्केच होते. तैवानमध्ये २०१८ च्या सार्वमताने समलिंगी विवाहाविरुद्ध कौल दिला. मात्र घटनात्मक न्यायालयाचा आदेश आधीच आलेला असल्याने मे २०१९ मध्ये स्वतंत्र कायदा करून असे विवाह सुरू झाले. आयर्लंडमध्ये क्रम उलटा होता. १९९३ पर्यंत जेथे पुरुषांमधील संबंध गुन्हा होते, त्या कॅथलिक देशातील मतदारांनी २२ मे २०१५ रोजी सुमारे ६२ टक्के मतांनी विवाहाचा अधिकार दिला. सिंगापूरने २०२२ साली जुने ब्रिटिशकालीन कलम रद्द केले, पण त्याच वेळी विवाहाच्या व्याख्येला न्यायालयीन आव्हानापासून संरक्षण देणारी घटनादुरुस्तीही केली. थायलंडमध्ये समलिंगी विवाहाचा कायदा २३ जानेवारी २०२५ रोजी लागू झाला.